मुरगाव बंदरातील ‘एरेनफेल्स’ : हल्ला खरा, पण बिनतारी यंत्राची कथा कितपत खरी?

मिरजकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धातील हेरगिरीवर तासाभराचे व्याख्यान देण्याचे मी कबूल करून बसलो आहे. लंडन आणि बर्लिनच्या त्याच त्या गोष्टी सांगण्यापेक्षा रात्रीच्या गाडीने गाठता येईल अशा ठिकाणची, म्हणजे मुरगाव बंदराची हकीकत सांगावी असे ठरवले. टिपणे काढायला बसलो तेव्हा मात्र एका जागी पेन अडले, म्हणून येथे विचारतो आहे.

ज्यांना हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची एरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजे ब्रिटिश आरमाराच्या हाती लागू नये म्हणून मुरगावच्या आश्रयाला आली, कारण गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर आन्फोरा हे इटालियन जहाजही त्यांच्या शेजारी अडकून पडले. पुढे ब्रिटिशांच्या गुप्त कारवाया करणाऱ्या संघटनेच्या, म्हणजे स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्हच्या, हिंदुस्थान शाखेने १९४२ च्या अखेरीस पणजीत राहणारा रॉबर्ट कोख हा जर्मन हेर आणि त्याची पत्नी यांना उचलून ब्रिटिश हद्दीत आणले. तरीही काम भागले नाही असे ठरले आणि ९ मार्च १९४३ च्या पहाटे फीबी नावाची गाळ वाहणारी बार्ज मुरगावात शिरली. तिच्यावर लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू यांच्या हाताखाली कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळाचे मूठभर सभासद होते. हे बहुतेक मध्यमवयीन, व्यापारी कंपन्यांत नोकरी करणारे, आणि घोड्याशी संबंध आता मुख्यतः क्लबापुरता उरलेले गोरे लोक. ते एरेनफेल्सवर चढले, झटापटीत जहाजाचा कप्तान मारला गेला, आणि खलाशांनी तळाच्या झडपा उघडून चारही जहाजे स्वतःच बुडवली.

येथवर माझी काही तक्रार नाही. प्रश्न आहे तो कारणाचा. एरेनफेल्सवर लपवलेले बिनतारी यंत्र होते, कोखने मिळवलेल्या बातम्या त्यावरून पाणबुड्यांना कळवल्या जात, त्यामुळे हिंदी महासागरात धडाधड जहाजे बुडत होती आणि हल्ल्यानंतर ती बुडायची जवळजवळ थांबली, असे सर्वत्र छापलेले आढळते. १९७८ साली या प्रकरणावर इंग्रजीत पुस्तक आले, दोन वर्षांनी चित्रपट निघाला, आणि त्यानंतरचे सगळे लेख त्याच ओळी गिरवताना दिसतात. एवढ्यावर विसंबून मी श्रोत्यांपुढे उभा राहावे काय? आणि हे यंत्र खरोखर इतके घातक होते, तर एवढ्या यशस्वी कारवाईची वाच्यता करायला पस्तीस वर्षे का लागली?

दर्यावर्दी

मिरजकर, आपले पेन योग्य जागी अडले आहे. मी एकतीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढली, त्यामुळे ही कथा वाचताना माझे लक्ष बंदुकांपेक्षा अंतरांकडे गेले. काल रात्री जुना चार्ट टेबलावर पसरून कर्कटक घेऊन बसलो आणि मार्च १९४३ मधील बुडालेली जहाजे एकेक करून मांडत गेलो. कर्कटकाचे टोक मुंबईच्या किंवा गोव्याच्या आसपास एकदाही टेकले नाही. ते पुन्हा पुन्हा जात होते दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे, म्हणजे मुरगावपासून सहा-सात हजार किलोमीटरवर.

त्यातला सर्वांत मोठा आघात ३ आणि ४ मार्चचा आहे. यू-१६० या जर्मन पाणबुडीने दरबान (डर्बन) बंदराजवळ जहाजांच्या एका काफिल्यावर हल्ला करून चार जहाजे बुडवली आणि दोन जायबंदी केली. या काफिल्याची खूण होती डीएन-२१, आणि त्यातील पहिली दोन अक्षरे ‘दरबानहून उत्तरेकडे’ अशी वाचायची असतात. हा काफिला मुंबईहून निघाला नव्हता, तो दरबानहून निघाला होता. दरबानच्या धक्क्यावरून कोणते जहाज कधी सुटते हे पणजीत बसलेल्या माणसाला कोणत्या वाटेने कळणार, आणि कळले तरी ते जर्मनीमार्गे पाणबुडीपर्यंत पोहोचेपर्यंत काफिला तेथे कसा उरणार, याचे उत्तर त्या कथेत नाही.

उलट दिशेचा विचार करून पाहू. समजा, मुंबईहून सुटलेल्या जहाजाची बातमी गोव्याला पोहोचली. त्या काळचे साधे मालवाहू जहाज दहा नॉटने, म्हणजे ताशी दहा सागरी मैल चाले, म्हणजे दिवसाला २४० सागरी मैल. मुंबई ते दरबान हे अंतर चार हजार सागरी मैलांच्या आसपास आहे, तेव्हा प्रवास सोळा-सतरा दिवसांचा झाला. सोळा दिवसांपूर्वीच्या बातमीवर जहाज नेमके कोठे असेल हे सांगणे मलाही जमले नसते, आणि मी तर त्याच वाटेने गेलेला आहे. वारा, इंजिनाची दुरुस्ती, कप्तानाला वाटेत मिळालेला नवा आदेश, यांतले काहीही झाले तरी हिशेब कोलमडतो. पाणबुडीवाल्याला त्यापेक्षा मोठ्या बंदराच्या वाटेवर दबा धरून बसणे सोपे असते, आणि यू-१६० ने तेच केले.

राहता राहिला हल्ल्यानंतर जहाजे बुडायची थांबल्याचा मुद्दा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फिरणारी जर्मन पाणबुड्यांची तुकडी वर्षाच्या सुरुवातीला आली होती. मार्च सरता सरता तिचे इंधन आणि टॉर्पेडो संपत आले आणि ती परतीला लागली, म्हणून आकडे खाली आले. उन्हाळ्यात नव्या पाणबुड्या आल्या, जूनमध्ये त्यांनी मॉरिशसच्या दक्षिणेस शार्लोटे श्लीमान या तेलवाहू जहाजातून इंधन भरून घेतले, आणि जहाजे पुन्हा बुडू लागली. अरबी समुद्रात जर्मन पाणबुड्यांची खरी टोळी अवतरली ती त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर, आणि तिचे नावही ‘मोन्सून’ असेच होते. तोवर एरेनफेल्स तळाला जाऊन सहा महिने झाले होते. यंत्र गेले आणि पाणबुड्या आल्या, असा हा उलटा क्रम आहे. ‘जवळजवळ थांबली’ हे विधान मार्चअखेरच्या दोन-तीन आठवड्यांपुरते खरे आहे आणि ज्याने ते प्रथम लिहिले त्याने तेवढेच आठवडे मोजले.

सडावासी

दर्यावर्दीकाकांनी समुद्राची बाजू मांडली, मी जमिनीवरची एक गोष्ट सांगते. माझे सासर वास्कोचे, घर सड्यावर, आणि गच्चीतून बंदर दिसते. माझे आजेसासरे त्या वेळी चौदा वर्षांचे होते. त्यांनी ती आग स्वतः पाहिली होती आणि ते ती पुष्कळदा सांगत.

आधी तारखेबद्दल. या हल्ल्याच्या वर्णनात ‘खलाशांना जहाजावरून दूर ठेवण्यासाठी शहरात मेजवान्यांची व्यवस्था केली होती’ असे येते आणि वाचणाऱ्याला वाटते की हा सगळा हेरांच्या डोक्यातला कट. आमच्या घरात मात्र ही हकीकत नेहमी ‘त्या इंत्रूजच्या रातीं’, म्हणजे कार्निव्हलच्या रात्री, अशी सुरू होई. मी एकदा कॅलेंडर काढून पडताळले. १९४३ साली ईस्टर २५ एप्रिलला होता, म्हणजे जितका उशिरा येऊ शकतो तितका उशिरा, आणि त्यावरून मागे मोजत आले तर कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार ९ मार्चला पडतो. उपवासाचा काळ बुधवारी सुरू होणार, म्हणून सोमवारच्या त्या रात्रीही अर्धे शहर रस्त्यावर आणि अर्धे तावेर्नात, म्हणजे दारूच्या दुकानात. मेजवानी दिली असेलही, पण त्या रात्री खलाशी किनाऱ्यावर येण्यासाठी कोणी मुद्दाम पैसे मोजण्याची फारशी गरज नव्हती. शिवाय अमावास्या ६ मार्चला होऊन गेली होती, तेव्हा ८ तारखेची कोवळी चंद्रकोर दिवेलागणीनंतर लवकरच मावळली असणार. ज्याने रात्र निवडली त्याच्यापुढे दोन्ही पंचांगे होती असे म्हणायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या सासूबाई सांगतात की त्यांच्या लग्नानंतरची पहिली दहा-बारा वर्षे त्यांनी ही कथा ऐकली ती अशी : रात्री धमाके झाले, इंत्रूजचे फटाके असतील असे वाटले, मग बंदरावर तांबडा उजेड दिसला, सकाळी पोर्तुगीज शिपायांनी ओलेचिंब ‘आलेमांव’, म्हणजे जर्मन, खलाशी रांगेने नेले, आणि पुढे कितीतरी दिवस किनाऱ्याला तेलाचा वास येत राहिला. त्यात ना बिनतारी यंत्र होते, ना पाणबुडी, ना इंग्रज. सगळ्यांची समजूत हीच होती की जर्मनांनी आपली जहाजे आपणच जाळली. १९८० मध्ये तो चित्रपट आला, त्याचे चित्रण गोव्यात झाल्यामुळे घरातल्या सगळ्यांनी तो हौसेने पाहिला, आणि त्यानंतर आजेसासऱ्यांच्या कथेत ‘सबमरीन’ शिरली. काही वर्षांनी तर आपण लहानपणी त्या यंत्राची टकटक ऐकली होती असेही ते सांगू लागले. सड्यावरून. ते खोटे बोलत होते असे मला मुळीच वाटत नाही. त्यांनी पाहिलेल्या आगीला एवढ्या वर्षांनी कोणी तरी कारण दिले आणि त्यांनी ते ठेवून घेतले.

मिरजकरसाहेब, गोव्यात येऊन वृद्धांच्या मुलाखती घ्यायचा विचार असेल तर प्रत्येकाला आधी चित्रपट पाहिला होता का, एवढे विचारून घ्या.

तटस्थ

गुप्ततेच्या प्रश्नाचे उत्तर समुद्रात सापडणार नाही, ते लिस्बनमध्ये आहे. १९०७ च्या हेग कराराप्रमाणे तटस्थ देशाच्या बंदरात लढाईचे कोणतेही कृत्य करणे सरळसरळ निषिद्ध आहे, आणि मुरगावात माणसे मारून जहाजे बुडवायला लावणे हे त्या निषेधात बसते याविषयी वाद होऊ शकत नाही. मात्र त्याच कराराच्या पाचव्या कलमात असेही म्हटले आहे की, युद्धमान पक्षाने तटस्थ बंदराचा तळासारखा वापर करू नये आणि विशेषतः आपल्या सैन्याशी संपर्क साधण्यासाठी तेथे बिनतारी केंद्र उभारू नये. याचा अर्थ असा की, एरेनफेल्सवर असे यंत्र चालू असेल तर पहिला नियमभंग जर्मनांचा होता आणि ते बंद पाडण्याचे कर्तव्य पोर्तुगीजांचे होते. नंतर ही कथा सांगताना सगळा भार त्या यंत्रावरच का दिला गेला, हे यावरून थोडे उमगते. जहाज पळून जाईल या भीतीने केलेला हल्ला कायद्याच्या भाषेत मांडता येत नाही, यंत्रासाठी केलेला निदान मांडून पाहता येतो.

पण ब्रिटनला हा वाद घालायचाच नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिक पोर्तुगीज तिमोरमध्ये उतरले होते, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने त्याचा कडक निषेध केला होता, आणि दोन महिन्यांत जपानने ते बेट व्यापल्यामुळे त्या आगळिकीतून मित्रराष्ट्रांच्या पदरी फारसे काही पडले नव्हते. लगेच दुसऱ्या वसाहतीत हात घातल्याची कबुली देणे म्हणजे पोर्तुगालला दुखावणे, आणि १९४३ मध्ये ब्रिटनला पोर्तुगालकडून अटलांटिकमधील अझोर्स बेटांवर तळ हवा होता. ती मागणी त्याने १३७३ सालच्या मैत्रीच्या तहाचा आधार घेऊन केली, १७ ऑगस्ट १९४३ रोजी करार झाला, आणि ऑक्टोबरात ब्रिटिश सैन्य तेथे उतरले. अझोर्सच्या विमानांनी अटलांटिकमध्ये पाणबुड्यांच्या वाटा आखडल्या. त्या सौद्यापुढे मुरगावची चार गंजकी जहाजे किरकोळ होती. म्हणून बाहेर एवढेच सांगितले गेले की खलाशांनी आपली जहाजे बुडवली, जे शब्दशः खरेही होते. भाग घेणाऱ्यांना पदके नाहीत, जाहीर कौतुक नाही, आणि १९४७ मध्ये लाइट हॉर्सच विसर्जित झाली. तिकडे पोर्तुगालनेही बोभाटा केला नाही, कारण आपल्या बंदरावर आपले लक्ष नव्हते हे त्याला कबूल करावे लागले असते. दोन्ही बाजूंना गप्प राहणे सोयीचे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ग्रिप्सहोम आणि तेइया मारू ही जहाजे मुरगावातच समोरासमोर लागली आणि अमेरिका व जपान यांनी आपापल्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल केली. तटस्थ बंदर म्हणून गोव्याची पत सात महिन्यांत पूर्ववत झाली होती, ती याच मौनामुळे.

एक बारकावा व्याख्यानासाठी : कायद्याच्या व्याख्येनुसार ‘हेर’ तो, जो युद्धक्षेत्रात वेष किंवा ओळख लपवून शत्रूसाठी माहिती गोळा करतो. पणजी युद्धक्षेत्र नव्हती. तेव्हा कोखला पकडण्याचा अधिकार असलाच तर पोर्तुगीज पोलिसांचा होता, आणि त्याला जे झाले त्याला साध्या मराठीत पळवून नेणे म्हणतात.

निशाचर

दर्यावर्दींचे गणित मला मान्य आहे, तरीही मी मार्च १९४३ मधील त्या अधिकाऱ्यांची बाजू घेणार आहे, कारण आपण ज्या याद्या पाहून बोलतो त्या त्यांच्यापुढे नव्हत्या. त्यांच्यापुढे होते ते एरेनफेल्स हे एक नाव, आणि ते ऐकून त्यांच्या पोटात गोळा येत असला पाहिजे. एरेनफेल्सच्या भगिनी जहाजांचे काय झाले ते पाहा. गोल्डेनफेल्सवर तोफा चढवून जर्मनांनी अटलांटिस हे व्यापारी वेषातले हल्लेखोर जहाज तयार केले, आणि त्याने बुडवलेली वा पकडलेली जहाजे बावीस भरली. त्यांपैकी ऑटोमेडॉन या जहाजावर नोव्हेंबर १९४० मध्ये सापडलेल्या गोपनीय कागदांतून ब्रिटनची पूर्वेकडील दुबळी बाजू थेट टोकियोला समजली. कांडेलफेल्सचे पिंग्विन झाले आणि तेही मे १९४१ पर्यंत याच महासागरात धुमाकूळ घालत होते. त्याच घडणीचे, त्याच वेगाचे तिसरे जहाज मुंबईपासून एका रात्रीच्या अंतरावर शाबूत उभे असताना कोणता आरमारी अधिकारी स्वस्थ झोपला असता? ते आज ना उद्या निसटेल ही भीती मला यंत्रापेक्षा जास्त पटते, आणि मूळ बेत जहाज ओढून बाहेर काढण्याचा होता हेही तिच्याशी जुळते. नुसते यंत्र बंद पाडायचे असते तर ते पळवण्यासाठी किंवा फोडण्यासाठी रात्रीच्या अंधारात दोन माणसे पुरली असती.

यंत्राबाबत माझी शंका वेगळ्या कारणाने आहे. नांगरून पडलेल्या जहाजावरून नियमित संदेश जात असतील तर ते पकडणे ब्रिटिशांना अवघड नव्हते, दिल्लीत त्यांचे ऐकण्याचे मोठे केंद्रच होते. आणि शत्रूचे चालू यंत्र हाती लागणे हे हेरखात्याच्या दृष्टीने संकट नसून घबाड असते. त्याच काळात, त्याच दिल्लीतून, नेताजींना काबूलपर्यंत पोहोचवणारे भगतराम तलवार ‘सिल्व्हर’ या टोपणनावाने जर्मनांना संदेश पाठवत होते, आणि तो मजकूर ब्रिटिश अधिकारी पीटर फ्लेमिंग यांचा शत्रूला फसवणारा विभाग बसून रचत होता. जर्मन तो भक्तिभावाने वाचत होते. ज्यांना ही विद्या अवगत होती ते मुरगावचे यंत्र सरळ बुडवायला निघाले, तेव्हा ते यंत्र एक तर त्यांना वाचता येत नव्हते, नाही तर त्यावरून वाचण्याजोगे फारसे काही जात नव्हते. मी दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो, पण झुकतो एवढेच.

दर्यावर्दी, एका मुद्द्यावर मात्र आपल्याशी भांडतो. ‘ज्याने लिहिले त्याने तेवढेच आठवडे मोजले’ असे म्हणताना आपण लबाडी सुचवता. कारवाई करून आलेला माणूस पुढचे दोन आठवडेच श्वास रोखून मोजतो. नंतर त्याची बदली होते.

दर्यावर्दी

निशाचर, शेवटचे वाक्य मान्य. लबाडी हा शब्द मी वापरला नव्हता, पण मनात होता, तो काढून टाकतो. अटलांटिसबद्दल मात्र एक पुस्ती जोडतो : साडेतीन वर्षे उष्ण पाण्यात एका जागी उभ्या असलेल्या जहाजाच्या बुडाला शंखशिंपल्यांचा एवढा थर बसतो की मूळ वेगाची आशा गोदीत नेऊन खरवडल्याशिवाय धरू नये. भीती खरी होती हे मी मानतो, जहाज तितके भीतिदायक उरले नव्हते.

मिरजकर

सर्वांचा ऋणी आहे. व्याख्यानाची मांडणी मी पार बदलली आहे. आधी यंत्रापासून सुरुवात करून हल्ल्यापर्यंत येणार होतो, आता सड्यावरच्या गच्चीतून दिसलेल्या तांबड्या उजेडापासून सुरुवात करीन आणि १९४३ मध्ये वास्कोतील माणसाला काय ठाऊक होते तेवढेच आधी सांगीन. त्यानंतर लिस्बन, मग दर्यावर्दींचा चार्ट, आणि यंत्र सर्वांत शेवटी, निशाचरांनी लावलेल्या ‘एवढेच’सह. सडावासीताई, आजेसासऱ्यांच्या टकटकीचा उल्लेख नाव न घेता करण्यास आपली आणि सासूबाईंची परवानगी असावी, ही विनंती.

सडावासी

सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, खुशाल सांगा, पण तेलाच्या वासाची गोष्टही सांगा म्हणावे, कारण तेवढी मात्र चित्रपटात नव्हती.